सतरा दिवसांचा ताप

८ मार्च, शुक्रवार

दानबीच्या सूचना-वहीत आज नव्या बाईंची चिठ्ठी आली. दुसरीचे वर्ष सुरू होऊन पाचच दिवस झाले आहेत. बाईंचे नाव मिन. चुनचॉनहून बदलून आल्या आहेत. वही उद्या शाळेत परत जाणार, म्हणून चिठ्ठी इथे जशीच्या तशी उतरवून ठेवतो.

"दानबीच्या पालकांस. उजळणीच्या चाचणीत दानबी गणितात फारच मागे पडलेली आढळली. गेल्या वर्षी ती आजारपणामुळे सतरा दिवस गैरहजर होती, असे हजेरीपटावरून दिसते. याविषयी समक्ष बोलणे आवश्यक आहे. बुधवार, २७ मार्च रोजी दुपारी तीन वाजता शाळेत यावे."

अक्षर वळणदार आहे, चूक एकही नाही. मी तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा 'पालकांस'पाशी अडकलो. दानबीचे वडील उल्सानला जहाजांच्या कारखान्यात आहेत. त्यांनी तिथे दुसरा संसार मांडला आहे. दानबीची आई, म्हणजे माझी ताई, गेल्या नोव्हेंबरात वारली. उरलो मी. वय चोवीस, शिक्षण दहावीच्या सहामाहीपर्यंत, काम प्यो मालकांच्या मांडवात मासे वाळवण्याचे.

दानबीने भात संपवता संपवता विचारले, "काय लिहिलंय?"

"भेटायला बोलावलंय."

"मग तो निळा कोट नको घालूस, मामा. बाहीला माशाचा वास येतो."

"माझ्या सगळ्याच कपड्यांना येतो."

तिने थोडा विचार केला. "मग कोटच घाल," म्हणाली.


९ मार्च, शनिवार

चाचणीचा कागद दप्तरात चार घड्या करून ठेवलेला सापडला. बरोबर उत्तराला बाई लाल गोल करतात, चुकीच्या उत्तरावर तिरपी लाल रेघ मारतात. आमच्या लहानपणी अशा कागदाला 'पाऊस पडलाय' म्हणत. दानबीच्या कागदावर मुसळधार आहे.

कबूल करायला हवे की मी तिच्या वह्या रोज तपासतो, पण अक्षरे तपासतो. एखादे जोडाक्षर चुकले, शब्दांत अंतर कमी पडले, तर लगेच दाखवतो. गणिताचे पान आले की सही करून उलटतो. गणित हा माझा विषय कधीच नव्हता. शाळा सुटली तेव्हा ताईला मी घरची अडचण सांगितली होती. अडचण खरीच होती. पण फळ्यापाशी उभे राहण्याची भीतीही तितकीच खरी होती.

आज बसून पाहिले. सोप्या गणितांना गोल आहेत. १२ आणि ६, अठरा. बरोबर. २३ मधून २ गेले, एकवीस. बरोबर. पण पुढे:

२३ − ५ = ११८
४० − ६ = ३१४
९ + ८ + ७ = १४

तेवीसातून पाच काढल्यावर एकशे अठरा कसे उरतील? हातात होते त्याहून जास्त? मी बोटांवर करून पाहिले, अठराच येतात. कागद दिव्यापुढे धरला तर ११८ च्या खाली खोडलेले १८ पुसट दिसते, ३१४ च्या खाली ३४. आलेले उत्तर खोडून न आलेले लिहिले आहे. गोंधळली असणार. शिवाय रबर वाईट आहे, खोडलेल्या जागी कागद विरला आहे. नवे रबर आणणे.


१० मार्च, रविवार

मांडवाच्या कचेरीत माझ्यासाठी फोन आला. प्यो मालकांनी दारातूनच ओरडून सांगितले, "मानसोक! वोन्जूहून बाईमाणसाचा फोन! आवाजावरून लग्नाचं काही दिसत नाही, सावकाश ये!"

दानबीच्या आत्याबाई होत्या. वडिलांची थोरली बहीण.

"मामा, जेवलात का?"

"जेवलो. तुम्ही?"

"पोर कशी आहे? शाळा काय म्हणते?"

खोटे सुचेना, म्हणून चिठ्ठी वाचून दाखवली.

"तापच तो," आत्याबाई म्हणाल्या. "मी तेव्हाच म्हटलं होतं, इथं मोठ्या डॉक्टरला दाखवा. आमच्या चर्चमधल्या एका पोराच्या डोक्यात असाच ताप गेला होता. सतरा दिवस पहाटे चारला उठून प्रार्थनेला गेले मी तिच्यासाठी. गुडघे सुजले."

"हो," मी म्हटले.

"सत्तावीसला मीही येते. बाई म्हणाल्या की पोर अशीच राहणार, तर मी तिला इकडं आणीन. इथं तशा मुलांसाठी वेगळा वर्ग आहे. भावानं मला लिहिलंय, 'तू ठरवशील ते.' तुमच्यावर राग नाही हो. पण सरकारदरबारी पोर आमच्या घराण्याच्या नोंदीतली आहे, आणि तुम्ही एकटा गडी. माशांच्या मांडवात तिचं काय व्हायचं?"

मी पुन्हा "हो" म्हटले.

ही वही कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहून टाकतो. ताप नव्हता.

नोव्हेंबरात ताईने अंथरूण धरले तेव्हा डॉक्टरांनी दोन-तीन आठवडे सांगितले होते. ताई म्हणाली, "तेवढे दिवस पोर माझ्याजवळ असू दे." माणूस गेल्यावर शाळेतून सुट्टी मिळते, जायच्या आधी मिळत नाही. मी शाळेत चिठ्ठी पाठवली. खरे वाटावे म्हणून शब्दकोशात बघून 'तीव्र ज्वर' असे लिहिले. दर चार दिवसांनी नवी चिठ्ठी. सगळ्या मिळून पाच. एकातही चूक नव्हती. आत्याबाईंनाही तेच कळवले, कारण त्यांना शाळेकडून कळले असते.


१३ मार्च, बुधवार

बाईंशी काय बोलायचे, त्याचा पहिला खर्डा:

"नमस्कार. मी दानबीचा मामा. मुलीची आई अलीकडेच गेली आहे, त्यामुळे तिचे मन अभ्यासात लागत नाही. घरी मी जातीने लक्ष घालीन. कृपया तिला थोडा अवधी द्यावा."

दुसऱ्यांदा वाचल्यावर 'मन लागत नाही' हे खोटे वाटले. मन लागत नसते तर तिने कागद विरेपर्यंत खोडले नसते. ते वाक्य काढले. मग बाकीच्याला आधारच उरला नाही.


१६ मार्च, शनिवार

तीन दिवस रोज जेवणानंतर तिला गणित शिकवतो आहे. मी सांगतो, तेवीसातून पाच गेले की अठरा. ती मान हलवते. पाच वेळा विचारले, पाचही वेळा तोंडाने "अठरा" म्हणाली. लिहायला सांगितले की ११८.

"अगं, आत्ता अठरा म्हणालीस ना?"

"हो."

"मग हा एक कशाला?"

माझा आवाज चढला, तो चढायला नको होता. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मी भांडी घासली. आत्याबाईंचे म्हणणे खरे असेल का, हा विचार भांडी घासताना पहिल्यांदा आला. तो आला हे लिहून ठेवतो.


१९ मार्च, मंगळवार

आज जे कळले ते क्रमाने लिहितो, नाहीतर पुन्हा निसटेल.

या आठवड्यापासून मासे उतरवणे सुरू आहे. हिवाळाभर बर्फात गोठून आणि उन्हात सुटून मासे पिवळे, भुसभुशीत झाले आहेत. आम्ही गडी दांड्यांवरून ते खाली काढतो. बायका खाली बसून मोजतात आणि वीस-वीस माशांची गाठ बांधतात. त्या गाठीला क्वे म्हणतात. मोजायचे काम बायकांचेच, गड्यांवर विश्वास नाही. ताई असेपर्यंत हिशेबाची पाटी तिच्याकडे असायची. आता गोजिनकाकूंकडे आहे. त्यांचे माहेर गोजिनचे, म्हणून हे नाव. खरे नाव कोणालाच ठाऊक नाही.

सकाळी एक खाणावळवाला आला. काकूंपुढे दोन क्वे आणि तीन सुटे मासे होते. पाटीवर खडूने डावीकडे २, मग उभी रेघ, उजवीकडे ३. खाणावळवाल्याने पाच मासे मागितले. सुटे तीनच, म्हणून काकूंनी दाताने एक गाठ सोडली, पाच मोजून दिले, पाटी पुसली आणि पुन्हा लिहिले: डावीकडे १, उजवीकडे १८.

मी दांडी घेऊन पलीकडून जात होतो. ती उभी रेघ अंगठ्याने अर्धी पुसली गेली होती.

दांडी हातातून सुटली. प्यो मालक कचेरीतून ओरडले.

"काकू, हे काय लिहिलंत?"

"एक क्वे अठरा. का रे, तुझ्या कोशात नाही का?"

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"तुझ्या ताईनं. पूर्वी मी नुसत्या रेघा ओढायचे. ती म्हणाली, डावं घर बांधलेल्यांचं, उजवं घर सुट्यांचं. पोरा, तुझा चेहरा का असा पांढरा पडलाय? सकाळी जेवलास ना?"

जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन चाचणीचा कागद आणला. काकूंच्या शेजारी बसून खरे मासे मांडले. ४० म्हणजे डाव्या घरात ४, उजव्यात शून्य, म्हणून चार गाठी. एक सोडली, वीसातले सहा काढले. राहिल्या तीन गाठी आणि चौदा सुटे. ३१४. मग नऊ, आठ आणि सात सुटे एकत्र केले. वीसची गाठ बांधली, चार उरले. एक गाठ, चार सुटे. १४.

ज्या गणितांत गाठ बांधावी किंवा सोडावी लागत नाही, तिथे सगळे गोल आहेत. जिथे लागते, तिथे सगळा पाऊस. एकही अपवाद नाही. मी दोनदा तपासले.

"अरे ए!" मालक डोक्यावर येऊन उभे. "मासे विकायचेत, परीक्षेला नाही बसवायचे!"

काकू म्हणाल्या, "बसू द्या हो. पहिल्यांदाच काहीतरी मोजतोय गडी."


२० मार्च, बुधवार

जेवण झाल्यावर दानबीला विचारले. आवाज चढू दिला नाही.

"गाठीत वीस असतात, हे तुला कोणी सांगितलं?"

"आईनं."

"केव्हा?"

"मला ताप होता तेव्हा."

मला वाटले, चुकून म्हणाली. "तुला ताप नव्हता, दानबी."

"तू लिहिलंस ना शाळेत, होता म्हणून," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला आठवण करून दिल्यासारखी म्हणाली.

हळूहळू सगळे बाहेर आले. मी दिवसभर मांडव उभारायला जायचो, तेव्हा ताई पडल्या पडल्या सोयाबीनच्या दाण्यांवर तिला मोजायला शिकवायची. दुखणे वाढले की ताई गप्प व्हायची, मग दानबीने एकटीने मोजायचे आणि शेवटी मोठ्याने सांगायचे: किती बांधले, किती सुटे. बरोबर आले की ताई डोळे मिटूनच बोट वर करायची.

संध्याकाळी घरी आलो की दाराबाहेरून मला आकडे ऐकू यायचे. मला वाटायचे, ताईला दुखण्यातून लक्ष काढायला काहीतरी हवे, म्हणून चालले आहे. मी हात धुऊन भात टाकायचो.


२२ मार्च, शुक्रवार

मला वाटले होते, आता सोपे आहे. बाईंना सांगायचे, मुलगी मंद नाही, ती मांडवाच्या पद्धतीने मोजते. पण आज वहीत दुसरी चिठ्ठी आली:

"भेटीपूर्वी कळवते. दानबीच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या कचेरीला अर्ज पाठवावा, असे माझे मत आहे. कारणाच्या रकान्यात गेल्या वर्षीचा दीर्घकाळचा तीव्र ज्वर नमूद केला आहे. आपली सही लागेल."

माझेच दोन शब्द सुंदर अक्षरात परत आले.

विचार करून पाहिला तो असा. गाठीची गोष्ट सांगितली की बाई विचारतील, ही हे शिकली कधी? गेल्या नोव्हेंबरात वर्गात दहाचे घर, म्हणजे दशक-एकक, शिकवले, तेव्हा ती कुठे होती? ताप होता म्हटले, तर तापातले मूल दाणे मोजत नाही. ताप नव्हता म्हटले, तर पाच चिठ्ठ्या खोट्या ठरतात. आत्याबाई शेजारीच बसलेल्या असतील. ज्या माणसाने शाळेला आणि घरच्यांना सतरा दिवस फसवले, त्याच्याकडे मूल कोण ठेवील? आणि काहीच सांगितले नाही, तर अर्जावर सही होऊन ती जाईलच.

दोन्ही वाटांच्या शेवटी वोन्जूची बस उभी आहे.

एक तिसरी वाट आहे. म्हणायचे, ताई तिला पूर्वीपासून संध्याकाळी शिकवायची. कोणाला खोटे ठरवता येणार नाही. ताई नाही, आणि दानबी मी सांगेन तेच सांगेल. चार महिन्यांनंतरही तिने माझा खोटा ताप सांभाळून ठेवला होता.

तिसऱ्या वाटेचा खर्डा लिहिला. बारा ओळी. उत्तम झाला आहे.


२६ मार्च, मंगळवार

कोट बाहेर वाऱ्यावर टांगला. चार कार्डे तयार केली. पहिल्यावर नमस्कार आणि ओळख, दुसऱ्यावर गाठीची रीत, तिसऱ्यावर चाचणीतली गणिते. चौथे दोन प्रकारे लिहिले आहे. एक कोटाच्या डाव्या खिशात, एक उजव्या.

गोजिनकाकूंनी मासे कापडात बांधून दिले. "बाईंना दे. रिकाम्या हातानं जाऊ नये."

"काकू, खोटं बोलून एखाद्याचं भलं होत असेल तर?"

"कोणाचं?"

"माझं नाही."

काकू गाठ आवळत म्हणाल्या, "तुझं नसतं तर विचारलं नसतंस." मग म्हणाल्या, "केस काप. मांडवाखालच्या मांजरासारखा दिसतोस."


२७ मार्च, बुधवार

सगळे झाले. आठवते तसे लिहितो.

वर्गात लहान बाके होती, आम्ही तिघे त्यांवरच बसलो. मिनबाई तरुण आहेत, माझ्याच वयाच्या असतील. आत्याबाईंनी चर्चचा काळा कोट घातला होता. मासे बाईंनी घेतले नाहीत. तसा नियम आहे म्हणाल्या. मी ते मांडीवर घेऊन बसलो.

पहिली तीन कार्डे नीट झाली. दुसऱ्या कार्डावर बाई उठून फळ्यापाशी गेल्या. "थांबा हं. एक्कावन्नातून चार?" त्यांनीच गाठ सोडून पाहिली. पाचातली एक गेली, राहिल्या चार. वीस आणि एक, एकवीस. त्यातून चार गेले, सतरा. फळ्यावर ४१७ लिहून त्या चाचणीचा कागद चाळू लागल्या. त्यात तेच होते. ४१७, आणि त्यावर त्यांची लाल रेघ.

बाई आपल्या टेबलामागच्या खुर्चीत बसल्या. "सगळी बरोबर आहेत," त्या हळू म्हणाल्या. "वीसच्या हिशेबानं एकूण एक बरोबर. आठ वर्षांची मुलगी हे मनात करते?" मग माझ्याकडे वळल्या. "पण ही शिकली कधी? दहाचं घर नोव्हेंबरात शिकवतात. तेव्हा तर ती तापानं..."

माझा हात डाव्या खिशात गेला. ताई संध्याकाळी शिकवायची, असे सांगणारे कार्ड त्या खिशात होते. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला होता. दुखत असेल म्हणून ठेवला असेल, माहीत नाही.

मी कार्ड काढले नाही. उजव्या खिशातलेही काढले नाही. म्हणालो, "ताप नव्हता. मी खोटं लिहिलं. माझी बहीण जायला टेकली होती, मुलगी तिच्याजवळ होती. सतराही दिवस. त्या दोघी दाणे मोजत होत्या."

वर्गातल्या शेगडीवरचे पाणी उकळत होते, ते उचलायला कोणी उठले नाही. मग मिनबाईंनी अर्ज पुढे ओढला, कारणाच्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि तो आपल्या खणात ठेवला.

"गेल्या वर्षीचा हजेरीपट मला बदलता येणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि बदलता आला असता तरी... जाऊ दे. पण एक सांगते. दहाची गाठ मी तिला रोज समजावते. ती मान हलवते, आणि लिहिते वीसचीच. मी सांगून व्हायचं नाही. हे घरच्या माणसानं सांगायला हवं."

"मी सांगेन," मी म्हटले.

बसथांब्यावर वारा होता. मासे माझ्या हातातच होते. आत्याबाई रस्त्याकडे बघत होत्या.

"सतरा दिवस पहाटे चारला," त्या म्हणाल्या.

"मला क्षमा करा."

"नसलेला ताप उतरावा म्हणून. देव हसला असेल मला."

मी मान खाली घातली. शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते.

"माझी आई गेली त्या दिवशी माझी परीक्षा होती," आत्याबाई म्हणाल्या. "वडील म्हणाले, जा, परीक्षा बुडवायची नाही. गेले. परत आले तर चेहरा झाकलेला होता. शंभरातले नव्वद मिळाले मला." त्यांनी नाक पुसले. "अजून लोकांना सांगते, मी हुशार होते म्हणून."

बस वळणावर दिसली. त्यांनी माझ्या हातातले मासे घेतले.

"उन्हाळ्याच्या सुट्टीत येईन तिला बघायला. तोवर दर महिन्याला पत्र लिहायचं. झालं ते सगळं. ताप असेल तर ताप, नसेल तर नाही. अक्षर तर चांगलं आहे तुमचं, मामा. खरं लिहायला काय हरकत आहे?"

बसमध्ये चढताना त्यांनी मागे वळून पाहिले नाही. उन्हाळ्यात न्यायला येतील की नुसत्या बघायला, ते त्या बोलल्या नाहीत. मी विचारलेही नाही.


३१ मार्च, रविवार

तीन दिवस टाळले. कामाचे निमित्त होते, आणि ते खरेही होते. मांडवाची शेवटची रांग उतरली. आज दुसरे काही निमित्त उरले नाही.

दुपारी खाली कोळसा पेटवला होता, घराची जमीन गरम होती. दानबी आणि मी समोरासमोर बसलो, मध्ये सोयाबीनची वाटी. या वेळी कार्ड केले नव्हते.

"शाळेत गाठ दहाची असते," मी म्हटले.

"माहितीय."

"माहितीय?"

तिने दहा दाणे मोजून बाजूला सारले. मग आणखी दहा. हात जराही थांबला नाही. इतके दिवस बाईंचे आणि माझे समजावणे फुकट गेले नव्हते तर. उशिरा का होईना, डोक्यात शिरले, याचे मला बरे वाटले.

"मग आता वहीत दहाचीच लिहायची हं."

ती दाण्यांकडे बघत होती. "आई चुकली होती का?"

"नाही. मांडवात वीसचीच असते. अख्ख्या गावात वीसचीच आहे. गोजिनकाकूंना विचार, मालकांना विचार. मोजणी चुकली म्हणून आईची एकही गाठ कधी परत आली नाही."

"आणि मी वहीत दहाची लिहिली, तर आईची कुठं जाईल?"

"मांडवात राहील. काकू रोज पाटीवर लिहितात की."

हे तिने मनात घोळवले. मग वही उघडली आणि मी घातलेली दहा गणिते सोडवली. मी एकेक दाण्यांवर ताडून पाहिले. दहाही बरोबर. रबर एकदाही घेतले नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होते. कोळशाच्या धुराचे असावे, म्हणून मी दार थोडे उघडले.

वही मिटताना ती म्हणाली, "शाळेत दहाची. मांडवात वीसची."

"बरोबर."

"आणि घरी?"

मी वाटीतले दाणे उगाच हलवले. शेवटी जे होते तेच सांगितले.

"घरी आपण दोघंच आहोत. दोघांना गाठ कशाला लागते?"

तिने माझ्याकडे पाहिले, मग स्वतःकडे, जणू खरेच मोजत होती.

"दोन सुटे," ती म्हणाली.